संडासाने कळवलेला पेशंट

मूळव्याधतज्ज्ञ डॉक्टर हिरेमठांनी हातमोजे काढले आणि पडद्यावरचा अहवाल पुन्हा वाचला.

"तोरसकर, तुमच्या घरचा संडास तीन महिने रोज कळवतोय. रक्त जातंय, आणि ही साधी मूळव्याध दिसत नाही. पण तपासणीत तर काहीच नाही."

"मला काही होतच नाहीये," तोरसकर गोंधळून म्हणाले.

"बसण्याआधी आपल्या नावाचं बटण दाबता ना?"

"दाबतो की. दोनच बटणं आहेत, एक माझं, एक हिचं."

डॉक्टरांनी पडद्यावरचं पान सरकवलं. "शालनताईंचा शेवटचा अहवाल तीन महिन्यांपूर्वीचा आहे. त्यानंतर एकही नाही."

तोरसकरांना काही उमजेना. तीन महिने संडासाला न जाता माणूस राहील कसा?

त्यांनी दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी शालन भिंतीला टेकून उभी होती. हल्ली ती जेवायचीही ओट्यापाशी उभ्यानेच. कामं पडलीयत, म्हणायची.

तोरसकर सावकाश उठले.

"आता हिला तपासा, डॉक्टर," ते म्हणाले. "फक्त बाहेर पुकारताना नाव माझंच घ्या."