भुऱ्याची झोप

“कधीपासून लंगडतोय?” डॉक्टर निशिगंधांनी एक्स-रे उजेडाला धरला.

“दरड आली त्या वर्षापास्नं,” सोनाबाई म्हणाल्या. “दगड लागला असंल.”

“दगडाचं नाही हे. त्याच्या आधीचं आहे. सांधे पार झिजलेत, मावशी. हाडावर हाड घासतंय.”

भुऱ्या टेबलावर आडवा पडला होता. चौदा वर्षांचा म्हातारा कुत्रा. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून महाडला आणताना त्याच्यासाठी रिक्षात गोधडी अंथरावी लागली होती.

सोनाबाईंनी सगळं करून पाहिलं होतं. निर्गुडीचा पाला बांधला. सव गावच्या गरम झऱ्याचं पाणी कॅनमधून आणून पाय शेकले. सोळा सोमवार धरले, त्यातले सात झाले. भुऱ्या उठेना.

“बरा होईल का वो?”

“नाही. खोटं कशाला बोलू? एक नवीन इंजेक्शन आलंय. महिन्याला एक. दुखणं दबलं तर दबेल. पाय पहिल्यासारखे होणार नाहीत.”

“द्या,” सोनाबाई म्हणाल्या.

वाडीत रिक्षा थांबली तेव्हा शेजारचा धोंडू पुढे आला.

“काय गो काकी, आमची म्हातारी गुडघं धरून बसलीय, तिचा एक्स-रे नाय. आणि ह्याचा काढलास?”

“तुझ्या म्हातारीनं वाडी वाचवली का?”

धोंडू हसला. मग त्यानेच भुऱ्याला दोन्ही हातांवर उचलून, देवाची मूर्ती न्यावी तसं, ओटीवर नेऊन ठेवलं.

पाच वर्षांपूर्वीच्या जुलैत, दिवेलागणीला, भुऱ्या देवळासमोर बसून रडायला लागला होता. गप्प होईना. अशुभ म्हणून त्याला हाकलायला सगळी वाडी काठ्या घेऊन देवळापाशी जमली, आणि मागे डोंगर खाली आला. नऊ घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक घरातली पहिली भाकरी भुऱ्याची. सरकारने खाली सपाटीवर जागा दाखवली, पण कुणी गेलं नाही. भुऱ्या होता ना. पावसाळ्यात तो रडला की वाडी बोचकी बांधून शाळेत जायची. गेल्या वर्षी बारा वेळा गेली. डोंगर हलला नाही, तरी कुणी कुरकुरलं नाही.

पहिल्या इंजेक्शनने काही झालं नाही. दुसऱ्यानेही नाही. आभाळ खाली आलं की भुऱ्या विव्हळायचा. सोनाबाई त्याचं डोकं मांडीवर घ्यायच्या आणि जप करायच्या. “महादेवा, एवढ्या मुक्या जिवाला सोडव,” म्हणायच्या. सोडव म्हणजे काय, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

जुलैच्या सुरुवातीला तिसरं इंजेक्शन झालं. सोळावा सोमवारही पार पडला.

आणि भुऱ्या झोपला. गाढ. सकाळी उठून चार पावलं चालला, तुळशीपाशी जाऊन बसला. सोनाबाईंनी नारळ फोडला, घरोघर खोबरं वाटलं.

त्या आठवड्यात पावसाने उसंत दिली नाही. पाचव्या दिवशी दुपारी तलाठी स्वतः ट्रॅक्टर घेऊन वर आला. “शाळेत चला. आत्ताच्या आत्ता.”

बोचकी ट्रॉलीत चढली. पोरंबाळं चढली. तेवढ्यात धोंडू सोनाबाईंच्या ओटीवर येऊन वाकला.

“भुऱ्या काय बोलतोय, काकी?”

“काय नाय रे. झोपलाय बघ कसा. पाच दिस झालं, हूं नाय की चूं नाय.”

धोंडूने बाहेर जाऊन हात उंचावला. “भुऱ्या निवांत हाय! उतरा रे खाली!”

तलाठी ओरडत राहिला. बोचकी उतरली. चुली पुन्हा पेटल्या. ट्रॅक्टर रिकामाच उतारावरून गेला.

सोनाबाई भुऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तेव्हा फोन वाजला. डॉक्टर निशिगंधा होत्या.

“मावशी, काय म्हणतोय आपला पेशंट? पावसात रडतो का अजून?”

“नाय वो. एकदा बी नाय.”

“झालं तर मग! अहो, पावसाआधी हवा जड होते ना, तेव्हा असे सांधे फार ठणकतात. इतकी वर्षं तो त्यानंच रडत होता. आता कसलाही पाऊस येऊ दे, त्याचा आवाज यायचा नाही.”