आईची प्रेस कॉन्फरन्स

"शेवटच्या मिनिटाला टाइमआउट का नाही घेतलास? लोणचं घालायचं होतं त्याचं?"

प्रश्न पत्रकारांच्या पहिल्या रांगेतून आला, तोही मराठीत. "ग़लती मेरी है, लड़कों की नहीं," एवढं नुकतंच बोलून झालेल्या कोच जयंत कर्णिकच्या हातातली पाण्याची बाटली ओठांपाशीच थांबली. आई! मॅच संपली की सरळ मेट्रो पकडून सरोजिनी नगरला जायचं, असं सकाळी अगदी नीट ठरलं होतं. आणि मातोश्री दोन कॅमेरेवाल्यांच्या मधोमध, मांडीवर पर्स घेऊन बसलेल्या!

तोंड त्याचं आधीच सुकलं होतं. कॉलेजच्या टीमला ढीगभर कप जिंकून दिले, म्हणून 'नोएडा तूफान'नं त्याला भलामोठा पगार देऊन उचललं. आणि पहिल्याच सीझनला तूफान गावोगावी जाऊन शमून येत होतं. आज तर घरच्याच कोर्टवर शमलं. टीमचे मालक, टाइल्सवाले खुराना, भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभे होते. कोचला ठेवायचं की काढायचं, ते आज इथेच सांगतो, असं ते मघाशीच म्हणाले होते.

"माताजी क्या कह रही हैं?" एका पत्रकारानं विचारलं.

"कह रही हैं, लड़कों ने जान लगा दी."

"खोटं काय सांगतोस त्यांना!" सुमित्राबाई म्हणाल्या.

त्यांनी दिल्लीत मुलींच्या कॉलेजात जन्मभर बास्केटबॉल शिकवला होता. हिंदीत अशा ओरडायच्या, की शेजारच्या कॉलेजातली मुलंसुद्धा धावायला लागायची. पण पोटच्या पोराला चारचौघांत बोलायचं, तर मराठीतच. कुणाला काही कळत नाही, घरातलं घरात राहतं. दिल्लीतल्या कुठल्याही मराठी आईला विचारा.

"आणि तो गुरमीत? एवढा उंच खांब बाकावर बसवून कुणाला सावली देत होतास?"

"डिफेन्स की तारीफ़ कर रही हैं," जयंत म्हणाला.

मग त्या उठल्याच. थेट टेबलापाशी आल्या आणि चॅनेलवाल्यांचे माइक सरकवायला लागल्या. लाल माइक म्हणजे गुरमीत, तो बास्केटखाली, दोन निळे पुढे. "हे असे उभे करायचे. आता चेंडू इकडून आला. तुझा हा पिवळा कुठे होता? चहा प्यायला गेला होता?" त्यांनी पिवळा माइक जयंतच्या नाकासमोर असा काही आपटला, की मागे एका साउंडवाल्यानं किंचाळत कानातला हेडफोन काढून फेकला.

"ये भी तारीफ़ है?" पत्रकारानं विचारलं.

"बहुत," जयंत घाम पुसत म्हणाला.

खुराना पुढे आले. टेबलावरच्या माइककडे बघत राहिले. बास्केटबॉलमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण लाल माइक कुठे असायला हवा होता, ते आता त्यांनाही कळलं होतं.

"माताजी, आप ही बताइए. इनको रखूँ कि निकालूँ?"

सुमित्राबाईंनी पोराकडे पाहिलं. त्याची शर्टाची कॉलर एका बाजूला आत दुमडली होती, ती सरळ केली.

"हरलाय," त्या हळूच म्हणाल्या. अजूनही मराठीतच. "पण हरल्यावर एकाही पोराकडे बोट नाही दाखवलं यानं. सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. मला हे कधी जमलं नाही रे. माझ्यापेक्षा चांगला कोच आहेस तू."

जयंतनं बाटलीचं झाकण उघडलं आणि न पिताच परत लावलं.

"क्या कहा?" खुरानांनी विचारलं.

"कह रही हैं..." त्यानं बाटली खाली ठेवली. "कि मैं इनसे अच्छा कोच हूँ."

अख्खा हॉल खो खो हसला. एका कॅमेरेवाल्याला तर कॅमेरा खाली ठेवावा लागला.

"कोच साब," खुराना डोळे पुसत म्हणाले, "अब तो सच बोल दो यार!"

जयंतनं मान खाली घातली. "कह रही हैं, गधा है."

"ये हुई ना बात!" खुरानांनी टेबलावर थाप मारली. "जिसको घर में इतनी पड़ती हो, उसको मैं और क्या सज़ा दूँ? अगला सीज़न भी आपका!"

टाळ्या पडल्या. पत्रकारांनी माना खाली घालून भराभर 'गधा' लिहून घेतलं. सुमित्राबाईंनी पर्स काखोटीला मारली, दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. मग तरातरा परत आल्या, हाताला लागला तो माइक उचलून तोंडाशी धरला आणि खणखणीत हिंदीत म्हणाल्या,

"गधा मैंने नहीं कहा."