तालीम

सकाळी अकराला बाईंनीच लिहिलेल्या दादागिरीविरोधी नाटुकल्याची तालीम सुरू झाली. वर्गातल्या नव्या चष्मेवालीचा डबा रोज कोण पळवतं, याचा बाईंना थांग लागत नव्हता. सगळा वर्ग मूग गिळून गप्प. तिला जरा धीर यावा म्हणून बाईंनी दांडगट मुलीचं काम तिलाच दिलं, आणि छळ सोसणारीचं, गरीब गाय म्हणून नावाजलेल्या मॉनिटरला.

चष्मेवालीनं मॉनिटरच्या हातातला डबा हिसकावला आणि ती अडखळली. पुढचं वाक्यच आठवेना.

"अगं मठ्ठे," मॉनिटर करवादली, "आता 'बाईंना सांगितलंस तर चष्मा फोडीन' असं म्हणायचं असतं!"

वर्गात खसखस पिकली.



"बाई," चष्मेवाली पहिल्यांदाच खुदकन हसली, "हे तर तुम्ही लिहिलेलंच नाहीये!"