सातवं टेबल

ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मित्रानेच मला तो मोबाइलवरचा गेम दिला. नऊ वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. एकमेकांच्या फायलींवर न वाचता सही करतो, इतका विश्वास.

गेम साधा होता. छोटा कारकून ऑफिसातून डावीकडून उजवीकडे चालत सुटतो. प्रिंटर त्याच्यावर कागद फेकतो, मीटिंगची खोली त्याला गिळून फक्त बूट परत देते. तो मेला की दारातून नवा कारकून येतो. खोल्या दरवेळी बदलतात.

सातवं टेबल मात्र बदलत नाही. तिथला माणूस उठून फाईल पुढे करतो. "एवढी सही कर ना, घाई आहे." कारकून सही करतो आणि पायाखालची फरशी नाहीशी होते.

"सातव्या टेबलावरचा तो कोण रे?" आज जेवताना मी विचारलं.

"तिथे कोणी नसतं," डब्यातून मान वर न करता तो म्हणाला. "मी कितीदा खेळलोय."

जेवण झाल्यावर मी सहज दारापासून टेबलं मोजली. सातवं त्याचं निघालं.

तेवढ्यात तो उठला. हातात फाईल होती. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही.

"एवढी सही कर ना, घाई आहे."

मी दाराकडे पाहिलं. तिथे एक अनोळखी माणूस उभा होता. गळ्यात कोरं ओळखपत्र, हातात कान तुटलेला माझा कप.

पेन माझ्या हातात होतं. सही अर्धी झाली होती.