कापलेला एक गुण

महाडच्या कॉलेजात अरविंद सर एक अमेरिकन कादंबरी शिकवत. तिच्यात गोऱ्यांचं अख्खं गाव एका निरपराध काळ्या माणसाला दोषी ठरवतं. चाचणीत सरांनी त्या गावाचंच स्वभावचित्र लिहायला सांगितलं. रेवतीने लिहिलं, 'ही माणसं वाईट नाहीत. चर्चला जातात, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला धावतात. फक्त समोरच्याचा जन्म बघून निकाल देतात. असं अमेरिकेतच घडू शकतं.'

दहापैकी नऊ मिळाले. तास संपल्यावर ती पेपर घेऊन पुढे आली.

"सर, एक गुण कशाचा कापलात?"

"शेवटच्या वाक्याचा."

तिला काही ते पटलं नाही, पण सरांशी वाद कोण घालणार? सर बिचारे रोज रोह्याहून गाडीने वीर स्टेशनला उतरत आणि तिथून रिक्षाने धापा टाकत वर्गात पोचत.

"सर, एवढी दगदग कशाला करता? आमची वरची खोली जूनपासून रिकामीच आहे. बाबांना विचारू का?"

 

"मी जूनमध्येच विचारलं होतं गं," सर फळा पुसत म्हणाले. "त्यांनी आधी आडनाव विचारलं, मग खोली कालच दिली म्हणाले."