पुठ्ठ्याची बोंडं

टेम्पो दाराशी थांबला तेव्हा हाफिजला बरं वाटलं. राळेगावची माणसं टेम्पो घेऊनच आली, म्हणजे नुसती चौकशी करून परत जाणारी नव्हती.

"फिजा, आले पाह्य," त्यानं आत आवाज दिला.

"येऊ द्या," आतून उत्तर आलं. चार दिवसांपासून पोरगी बापाशी एवढंच बोलत होती.

तिचा राग खरा होता. खोलीतली पुठ्ठा कापायची मशीन हाफिजनं विकायला काढली होती. तीन वर्षांपूर्वी हौसेनं आणली तीही त्यानंच. फिजा संगणकावर नक्षी काढायची, मशीनचं पातं ती पुठ्ठ्यावर उतरवायचं, आणि साबणाच्या, बियाण्याच्या रिकाम्या खोक्यांतून आकाशकंदील आणि तोरणं निघायची. मारेगावच्या बाजारात ती हातोहात खपत. मग बोंडअळी आली. लागोपाठ दोन वर्षं कापूस गेला आणि लोकांनी सणावर हात आखडता घेतला. हाफिजचा मूळ धंदा गाड्यांच्या सीटा शिवण्याचा. त्याला आता ती अर्धी खोली परत हवी होती.

पण विकायचं म्हटल्यावर त्याचाच जीव तुटला. घरात तिला कुणी मशीन म्हणतच नसे. ती उठली का, ती रुसली का, असंच चाले. रद्दीवाल्या उकंडाच्या गोदामात चहा पिता पिता तो म्हणाला होता, "उकंडा, तिच्यासाठी एखादं चांगलं घर पाह्यजो. जिवापाड सांभाळली रे. जिथं जाईन तिथं नीट ठेवली पाह्यजे."

उकंडानं हातातला कप खाली ठेवला. मग त्यानं हाफिजच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नको, हाफिजभाई. माह्या ध्यानात एक घर हाय. रविवारी पाहाले पाठवतो."

आज रविवार होता. टेम्पोतून जुबैदा उतरली, तिची धाकटी बहीण उतरली, आणि चालवत आलेला जुबैदाचा मुलगा अरसलान. तो मोटारी दुरुस्त करतो हे ऐकून हाफिज सावध झाला. जाणकार गिऱ्हाईक खोट काढतं. त्यात बायको मेहनाज महागावला, आईच्या आजारपणात अडकलेली. बोलणी करण्यात ती पटाईत. हाफिज म्हणजे नुसता भोळा सांब.

फिजानं पाणी दिलं आणि मशीन सुरू केली. जुबैदानं खुर्ची ओढून तिच्या शेजारीच घेतली.

"हे सारं कुठं शिकलीस, बेटा?"

"इथंच. बिघडवून बिघडवून."

जुबैदाची बहीण खुदकन हसली. अरसलान पुढं झाला. "मी काही देऊ का?"

"ते खोकं द्या. उलगडून."

त्यानं खोकं उलगडून दिलं. फिजानं कडेवरून बोट फिरवलं आणि थांबली. "पिन राह्यली इथं. पातं गेलं असतं माहं."

"चुकलं," तो म्हणाला आणि पिन काढायला गुडघ्यावरच बसला. एवढा मोठा मिस्त्री, पण कानापर्यंत लाल झाला. हाफिजला वाटलं, चला, हा काही खोट काढणार नाही.

पातं सरसर फिरलं. तपकिरी पुठ्ठ्यातून कापसाची बोंडं सुटी होऊ लागली, चार पाकळ्यांची, टच्च फुटलेली. फिजानं एकेकाला चुन्याचा पांढरा हात दिला आणि दोऱ्यात ओवून तोरण धरलं.

"बोंडं काहून?" अरसलाननं विचारलं.

"वावरात नाही तं नाही. दारावर तरी फुटू द्या."

जुबैदा पुढं सरकली. तिनं ते तोरण हातात घेतलं आणि बराच वेळ पाहत राहिली. तिच्या घरची सहा एकर कपाशीही दोन्ही वर्षं अळीनंच खाल्ली होती. फिजालाही आता बोलण्याची ओढ लागली. कुठला पुठ्ठा दोनदा कापावा लागतो, सुरकुती ओल्या फडक्याखाली इस्त्रीनं कशी मोडते, सगळं ती अरसलानला सांगत सुटली. पोरगी चार दिवसांनी हसली होती. हाफिजला फार समाधान वाटलं, आणि लगेच वाईटही.

तो जुबैदाला घेऊन ओसरीवर आला, मागोमाग तिची बहीणही आली. मन घट्ट करून त्यानं विचारलं, "मंग? पसंत हाय?"

"उकंडानं सांगितलं त्याहून सवाई हाय, भाईजान."

हाफिजचे डोळे भरून आले. घेणारं माणूस कदर करणारं निघालं, यापरतं काय हवं? "टेम्पो आणलाच हाय," तो रुमालानं नाक पुसत म्हणाला, "तं आजच न्या. जितके दिवस राहीन तितका जीव अडकते."

जुबैदाच्या बहिणीनं ओढणीचा पदर तोंडाला लावला. जुबैदाही हसू दाबत म्हणाली, "इतकी घाई? अरसलानच्या अब्बाले एकदा पाहू द्या. दिवाळीचा मालही निघू द्या. मंग दिवस धरू."

"जशी तुमची मर्जी."

"पण देण्याघेण्याचं आजच बोलून घेऊ. मांगून कटकट नको."

हाफिजनं रुमालाची घडी घातली. हाच तो क्षण, आणि मेहनाज महागावला. त्यानं आकडा मनात घोळवून ठेवला होता, पण तो ओठांवर येईना. "तुमीच सांगा," तो कसाबसा म्हणाला.

आतून मशीनचा आणि दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. जुबैदानं तिकडं मान वळवून पाहिलं आणि ती हाफिजकडे वळली.

"पोरीले विचारा, मंगच हो म्हणा. दहेज आमाले काही नको, भाईजान. फक्त फिजा आमच्या घरी येईन तवा ही मशीन तेवढी तिच्यासंगं येऊ द्या."