मे महिन्यापर्यंत

नरेंद्र वर्कशॉपच्या दारात पोचला तेव्हा पांढऱ्या मिशांच्या एका दांडग्या माणसाने त्याच्या हातात प्लास्टिकचा चष्मा ठेवला.

"आधी हा लाव. कोर्सच्या चौकशीला आलायस का?"

"नाही. मी कांचनचा नवरा."

"अरे वा!" त्या माणसाने, म्हणजे कांचनला शिकवणाऱ्या नोवाक सरांनी, त्याचा हात जोरजोरात हलवला. "ती बघ तिकडे. शेवटच्या लेथवर."

कांचनचा मशीनकामाचा कोर्स सुरू झाल्यापासूनच्या दीड वर्षात नरेंद्र या इमारतीत पहिल्यांदाच शिरत होता. एरवी ऑफिसातून येताना तो बाहेर पार्किंग लॉटमध्ये थांबायचा आणि क्लास सुटला की कांचन येऊन गाडीत बसायची. आज मात्र त्याला धीर धरवेना. त्यांच्या इथल्या, शॉमबर्गच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलमधली त्याची नवी नोकरी एप्रिलमध्ये सुरू होणार होती आणि घर घेणाऱ्यांनाही नेमका मार्चअखेर ताबा हवा होता. ही बातमी फोनवर सांगायची नाही, समोर उभं राहून सांगायची, असं त्याने ठरवलं होतं.

कांचनचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. कुडत्यावर जाड निळा एप्रन, केस घट्ट बांधलेले. समोर पोलादाची कांब गरागरा फिरत होती आणि तिच्यावरून चकचकीत साल निघून खाली पडत होतं. या शेवटच्या सेमिस्टरला वर्गाने मिळून एक छोटा पंप बनवायचा होता, आणि त्याचा दांडा कांचनच्या वाट्याला आला होता.

तिने मशीन थांबवलं. दांड्याचं माप घेतलं. पुसून पुन्हा घेतलं.

नोवाक सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. "काय झालं?"

"जास्त कापला गेला."

"वाचवता येईल?"

"नाही."

तिने दांडा सोडवला आणि कोपऱ्यातल्या भंगाराच्या डब्यात टाकला. नरेंद्रला वाटलं, आता हिचा चेहरा उतरणार. घरी पाहुण्यांसमोर भात जरा लागला तरी आठवडाभर स्वतःला बोल लावणारी बाई ही. पण ती भिंतीलगतच्या मांडणीवरून नवी कांब घेऊन आली, मशीनमध्ये बसवली, हाताने फिरवून सरळ आहे का पाहिलं. मग तिला तो दिसला.

"अहो, तुम्ही आत कसे?"

"घर विकलं गेलं. मार्चअखेर ताबा."

"खरंच? बरं झालं बाई." ती मनापासून हसली. मग चिंधीला हात पुसत राहिली, हात स्वच्छ झाल्यावरही. "मी मेमध्ये येते."

"म्हणजे?"

"तुम्ही पुढे व्हा. परीक्षा झाली की मी येते."

"अगं, तिकडे कॉलेजं नाहीत का? तिकडे पूर्ण कर."

"तिकडे माझ्या झालेल्या विषयांचे निम्मे क्रेडिट्स धरणार नाहीत. मी विचारलंय."

"कधी विचारलंस?"

"तुमची ऑफर आली त्याच आठवड्यात. राहायचंही बघितलंय. शेजारच्या शुभाताईंचं बेसमेंट रिकामं आहे."

नरेंद्र बघतच राहिला. "म्हणजे शुभाला माहीत, आणि मला नाही?"

"तुम्हाला सांगायला किती वेळा तोंड उघडलं. पण तुम्ही इतके खुशीत होतात." तिने चिंधीची घडी घातली. "म्हटलं, दोन दिवस जाऊ देत. मग आणखी दोन दिवस."

"लोक काय म्हणतील, कांचन?"

तिने चिंधी एप्रनच्या खिशात खोचली. पलीकडे कुणीतरी कानस घासत होतं. नरेंद्रने डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुन्हा लावला.

"लोकांचं जाऊ दे," तो हळूच म्हणाला. "मलाच जमणार नाही गं. नवं ऑफिस, नवं गाव, लेक हॉस्टेलवर, आणि संध्याकाळी रिकाम्या अपार्टमेंटमध्ये जायचं."

"मला माहीत आहे." तिने त्याच्या कोटाच्या बाहीला हात लावला. बाहीवर तेलाचा डाग उमटला, तो दोघांनीही पाहिला. "रोज फोन करीन. पण हे मी अर्धं टाकणार नाही. एवढा दांडा करून निघूया. बसा तिथे."

तो स्टुलावर बसला. कांचनने मशीन सुरू केलं. या वेळी ती फार सावकाश कापत होती. थोडं कापायची, थांबायची, मोजायची. नोवाक सर आले, त्यांनी तयार दांड्यावर बेअरिंग सरकवून पाहिलं. ते अलगद जाऊन बसलं. त्यांनी दांडा तिच्या हातात परत दिला आणि दुसऱ्या मशीनकडे वळले. कांचन तिथेच उभी राहून तो दांडा एकटीच बघत राहिली. तिचा असा चेहरा नरेंद्रने त्यांची लेक सई झाली तेव्हा हॉस्पिटलमध्ये पाहिला होता.

बाहेर स्नो पडायला लागला होता. लॉटमध्ये गाड्यांवर पांढरा थर साचला होता. नरेंद्रने काच साफ केली आणि नेहमीसारखं तिच्या बाजूचं दार उघडून धरलं.

ती बसली नाही. "किल्ली द्या."

"आत्ता? अगं, रस्ते घसरडे झालेत."

"म्हणूनच. तुम्ही गेल्यावर रोज मलाच यायचंय."

तिच्याकडे लायसन्स होतं, पण अशा हवेत त्याने तिला कधी चालवू दिलं नव्हतं. त्याने पांढऱ्या रस्त्याकडे पाहिलं. मग त्याने किल्ली दिली, आणि ज्या दारापाशी उभा होता त्यातूनच वाकून आत बसला. ती सीट कांचनच्या मापाने पुढे ओढलेली होती. त्याचे गुडघे समोर टेकले. सीट मागे सरकवायचा दांडा कुठे असतो, ते त्याला ठाऊक नव्हतं. अंधारात तो सीटखाली चाचपडत राहिला.

"उजव्या हाताला," कांचन म्हणाली, आणि तिने गाडी सुरू केली.